प्रेताचा रेट

आधी आकडा लिहून ठेवते: एकसष्ट लाख चाळीस हजार.
सगळे हरेश्वर भोईरांचे, गाव घणसोली,
साडेबारा टक्क्यांत मिळालेला प्लॉट विकून आलेले.
मुलीच्या लग्नाचे वेगळे ठेवलेत, म्हणाले होते.
मी विचारलं नव्हतं.

वाशीला सेक्टर सतरात मी एका सीएकडे कामाला.
लोकांचे रिटर्न भरून झाले की सातच्या सुमाराला
तुर्भ्यातल्या एका बंद रंगाच्या कारखान्यात जायचे.
तिथे खून चालू असायचा.

व्हाउचर बारा: रक्त, नऊ लिटर.
ग्लुकोज, बीट, चमचाभर कॉफी.
मुंग्या लागल्या, म्हणून आणखी चार लिटर. मुंग्यांची पावडर वेगळी.
व्हाउचर एकोणीस: पोलिसांचे गणवेश सहा, टोप्या पाच.
सहावा हवालदार शेवटपर्यंत डोकं खाजवत उभा आहे;
एका समीक्षकाला त्यात व्यवस्थेची हतबलता दिसली.
व्हाउचर सव्वीस: दोन कोटी रुपये, बॅगेत भरलेले.
खर्च अठराशे पन्नास.
गड्डीवरची नोट खरी, खाली झेरॉक्सचा कागद.
शूटिंग आटोपल्यावर खऱ्या नोटा मी मोजून घेतल्या,
दोन कमी भरल्या.
अख्ख्या पिक्चरात खरी चोरी ती एवढीच,
आणि तिचा तपास लागला नाही.

प्रेत होते कोंडीबा ढेबे.
मूळचे जावळीचे, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी.
रात्रीचे पाचशे, भुर्जी-पाव, मच्छर अगरबत्ती एक.
पहिल्या रात्री त्यांनी मला तीनदा विचारलं,
‘नुसतं पडायचं? पोतं उचलायचं न्हाई?’
आणि पडले ते असे, की साउंडवाला ओरडला:
कट! प्रेत घोरतंय!
तिसऱ्या रात्री पहाटे उठून ते थेट गाडी खाली करायला गेले.
व्हाउचरवर सही राहिली.

मग तो शुक्रवार.
ठाण्यात एकच शो, सकाळी नऊ चाळीसचा.
त्या वेळेला कोण बघतं खून?
भोईरशेठ दारात उभे राहून डोकी मोजत होते, लग्नात पंगत मोजतात तशी.
सात. त्यातले चार आपले.
पनवेलचा शो तर रद्दच; मॅनेजर म्हणाला,
दोन माणसांसाठी एसी लावू का?

दहा दिवसांचा गल्ला आठ लाख ब्याण्णव हजार चारशे साठ.
त्यातून कर, थिएटरचा हिस्सा, वितरकाचं कमिशन,
पामबीचवरून तीन दिवस फिरवलेली भोंग्याची गाडी.
हाती एक लाख सदतीस हजार दोनशे.
मी तोच कागद भोईरशेठपुढे ठेवला.
ते बराच वेळ खिडकीतून खाडीकडे बघत बसले.
‘मिठागरात पाणी आटलं का मीठ ऱ्हातं, बाय.
हितं पैसा आटला. खाली काय ऱ्हायलं गो?’
माझ्याकडे अनुदानाचा अर्ज होता. तो पुढे सरकवला.

एक सांगायचं राहिलं.
दुसऱ्या रविवारी, शेवटच्या शोला,
कोंडीबा अकरा माणसं घेऊन आले.
बायको, भाऊ, टोळीतले गडी, कुणाचं तरी तान्हं बाळ.
बारा तिकिटं, एकशे चाळीसप्रमाणे सोळाशे ऐंशी, रोख.
पडद्यावर त्यांच्या तोंडावरची चादर बाजूला झाली
तेव्हा अशी शिट्टी पडली
की हिरोच्या एण्ट्रीलाही पडली नव्हती.
बायको मात्र पदर तोंडाला लावून बसली होती.
तिने त्यांचा दंड धरलेला, सुटेपर्यंत सोडला नाही.

मध्यंतरात मी व्हाउचर पुढे केलं.
पॉपकॉर्नच्या काउंटरवर त्यांनी सावकाश सही केली,
एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखी.
पाचशे घेतले. दोनदा मोजले.
मग भोईरशेठकडे वळून म्हणाले,
‘मालक, फुडच्या टायमाला जित्ता ठेवा मला.’

शेठ हसले, दहा दिवसांत पहिल्यांदा.
‘जित्त्या माणसाला डायलॉग लागतो, कोंडीबा.
त्याचा रेट वेगळा.’
आणि मला म्हणाले,
‘लिहून ठेव गो.’